सतरंज्या आणि शाली

शहापुरात असो वा मुरबाडला, एखादे व्याख्यान संपून 'आता आभारप्रदर्शन' असे शब्द व्यासपीठावरून उमटले, की श्रोतृवर्गात जी एक परिचित चुळबूळ सुरू होते, कोणी चपला चाचपतो, कोणी मांडीवर पेंगलेले मूल खांद्यावर घेते, कोणी आसनगावची लोकल आणि कोणी किन्हवलीकडे जाणारी शेवटची एस. टी. मनातल्या मनात गाठू लागतो, ती ज्याने एकदा बारकाईने पाहिली आहे, त्याला आपल्या सार्वजनिक जीवनात कृतज्ञतेला किती मिनिटांची जागा ठेवलेली आहे हे निराळे सांगावे लागत नाही. तरीही आभार होतातच, आणि ते ठरलेल्या उतरंडीने होतात: आधी अध्यक्ष, मग वक्ते, मग देणगीदार, मग जागा देणारी संस्था, आणि अखेरीस 'ज्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष साहाय्य झाले त्या सर्व ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांचे'. या वाक्यातला 'अज्ञात' हा शब्द मला अलीकडे सलू लागला आहे. चाळीस माणसांच्या सभेत अज्ञात कोण असतो? ज्याला अज्ञात म्हटले तो दाराशी, ध्वनिवर्धकाच्या पेटीजवळ उभा असतो. त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याच्या म्हशीने कालपासून दूध चोरले आहे ही वार्तासुद्धा सभेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक असते.

हा विषय मी हाती घेतला तो एका लहानशा मंडळाच्या अनुभवावरून. या दोन तालुक्यांतली आम्ही वीस-पंचवीस माणसे, त्यांत काही शिक्षक, तहसील कचेरीतला एक अव्वल कारकून, महाविद्यालयात जाणारी मुले, पाड्यावरच्या वस्तीतून येणाऱ्या दोन मुली आणि माझ्यासारखे निवृत्त, दर शनिवारी संध्याकाळी शाळेच्या एका मागून घेतलेल्या वर्गात जमतो आणि बोलायला शिकतो. प्रत्येकाने सात मिनिटे बोलायचे, एकाने घंटा वाजवायची, एकाने 'म्हणजे', 'काय आहे की' अशी टेकूची पदे किती वेळा आली ती मोजायची, आणि एकाने बोलणाऱ्याच्या गुणदोषांचा निवाडा त्याच्या तोंडावर, परंतु त्याचे तोंड उतरणार नाही अशा बेताने करायचा, असा आमचा शिरस्ता आहे. तो आमच्या कल्पनेतून निघालेला नाही. २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना या गावी वाय. एम. सी. ए.च्या तळघरात राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थाने टोस्टमास्टर्स या नावाने जो वर्ग भरवला, त्याची ही दूरची नक्कल होय. आणि त्याच्याही अर्धशतक आधी, १८७५ साली, पुढे न्यायमूर्ती म्हणून ज्यांना महाराष्ट्राने ओळखले त्या महादेव गोविंद रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालवणाऱ्या सभेचे 'वक्तृत्वोत्तेजक' हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. वक्तृत्वाला उत्तेजन द्यावे लागते, ते आपोआप उगवत नाही, ही जाणीव त्या नावातच आहे. परंतु उत्तेजनाचे काम व्यासपीठावर जितके होते त्याहून कितीतरी अधिक व्यासपीठाच्या खाली होते, आणि तिथे ते करणाऱ्याला आपल्या भाषेने काय दिले आहे हे पाहू गेल्यास थोडी शरम वाटते.

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा, बिनपगारी फुल अधिकारी, आणि सतरंज्या उचलणारा: विनावेतन सार्वजनिक काम करणाऱ्या माणसासाठी मराठीने घडवलेली ही तीन बिरुदे पाहा. तिन्हींत उपहास आहे. 'आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या?' हा निवडणुकीच्या तिकिटापासून वंचित राहिलेल्या कार्यकर्त्याचा प्रश्न इतका रुळला आहे, की सतरंजी उचलणे हे स्वतः एक काम आहे, आणि ती कोणीतरी झटकून, घडी घालून, उंदीर लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवल्यावाचून पुढच्या शनिवारी सभा भरत नाही, हे आपण विसरून गेलो आहोत. सतरंजी ही पायरी आणि शाल हे शिखर, अशी आपली समजूत झाली आहे. म्हणून पायरीवर असलेल्या माणसाचा सन्मान करायचा तर त्याला शिखरावरची वस्तू द्यावी, त्याच्या खांद्यावर शाल घालावी, हातात श्रीफळ ठेवावे, छायाचित्र घ्यावे आणि मोकळे व्हावे, ही रीत पडली. या रीतीविषयी माझी तक्रार आहे. शाल थोडी पडते असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे असे की शालीला काहीच माहीत नसते.

संस्कृताने आपल्याला 'कृतज्ञ' असा एक नेमका शब्द दिला आहे. कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. गद्गद होणारा, नमस्कार करणारा, देणगी देणारा असा त्याचा अर्थ नाही. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ, एवढाच आहे. भावनेच्या आधी तेथे ज्ञान आहे. कोणी काय केले, केव्हा केले, ते करण्याचे त्याच्यावर बंधन होते की नव्हते आणि त्यापायी त्याचे काय गेले, हे ज्याला ठाऊक नाही त्याने घातलेली शाल ही फार तर औदार्य असेल, कृतज्ञता नव्हे. आणि ती घेणाऱ्यालाही हे कळते. एकाच गठ्ठ्यातून काढलेली शाल जेव्हा अध्यक्षांना, देणगीदाराला, निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि घंटा वाजवणाऱ्याला मिळते, तेव्हा ती घंटा वाजवणाऱ्याविषयी काहीही बोलत नाही. बोलायला शिकवणाऱ्या मंडळाने मुक्या वस्तूने सन्मान करावा, यात मला एक विसंगती दिसते.

माझ्या हातून घडलेला प्रमाद येथे सांगितला पाहिजे. एका श्रावणात आम्ही कल्याणहून एक पाहुणे वक्ते बोलावले. त्या दिवशी पाऊस असा, की गाड्या रखडल्या, वक्ते आसनगावला दीड तास उशिरा उतरले, आणि इकडे वीज गेली. आमच्यातला एक तरुण, ज्याच्याकडे नेमून दिलेले काम फक्त घंटा वाजवण्याचे होते, तो स्वतःच्या मोटारसायकलीवरून स्थानकावर गेला, आपला रेनकोट पाहुण्यांना देऊन आपण भिजत त्यांना घेऊन आला, वाटेत कोणाच्या तरी दुकानातून चार्जिंगचे दोन दिवे मागून आणले, सभा संपल्यावर पाहुण्यांना परत स्थानकावर पोचवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे परत केले. आभार मानण्याचे काम माझ्याकडे होते. मी रानड्यांचा उल्लेख केला, पर्जन्यदेवतेवर एक बरी कोटी केली, शाळेच्या व्यवस्थापनाचे ऋण मानले, आणि 'ज्ञात-अज्ञात' म्हणून खाली बसलो. तो तरुण तेव्हा ओल्या सदऱ्याने दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही, पुढच्या शनिवारी नेहमीप्रमाणे आलाही. पण माझ्या लक्षात आले की त्या दिवसापासून तो घंटा वाजवतो आणि जातो, सतरंजीला हात लावत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो मोठ्या तोंडाने घेतला जातो: खरा कार्यकर्ता नावासाठी काम करत नाही, ज्याला नाव हवे त्याने सेवेत पडूच नये, आपल्या संस्कृतीने निष्काम कर्माचा आदर्श सांगितला आहे, इत्यादी. या आक्षेपातला उदात्तपणा मला मान्य आहे, परंतु तो चुकीच्या तोंडातून येतो. निष्कामता हे करणाऱ्याचे व्रत आहे. उपभोगणाऱ्याची ती सबब होऊ शकत नाही. यजमानाने वाढलेल्या ताटाबद्दल काही न बोलता उठून जाणाऱ्या पाहुण्याने 'यजमान निरपेक्ष आहेत' असे कारण सांगावे, तशातला हा प्रकार होय. अॅडम स्मिथने १७५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात स्तुतीची आवड आणि स्तुतीस पात्र असण्याची आवड या दोहोंत भेद केला आहे. पहिली हलकी म्हणा हवी तर. पण दुसरीलाही बाहेरच्या साक्षीची गरज लागते, कारण आपण केले ते खरोखर उपयोगी पडले की नाही हे एकट्या माणसाला पुष्कळदा कळतच नाही. दिवे आणले नसते तर सभा झाली नसती, हे त्या तरुणाला सांगण्याचे काम दिव्याच्या उजेडात बसलेल्यांचे होते.

मग मोबदला द्यावा काय? तसेही सुचवले गेले: फेरीमागे पेट्रोलचे पैसे आणि वर काही मानधन. पेट्रोलचे पैसे अवश्य द्यावेत. ते न देणे म्हणजे कार्यकर्त्याच्या पदरमोडीवर संस्थेने चैन करणे होय, आणि कित्येक आदरणीय संस्थांचा जमाखर्च अशा न लिहिलेल्या देणग्यांवरच जुळलेला असतो. परंतु मानधनाची गोष्ट वेगळी. रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९७० साली रक्तदानावर एक ग्रंथ लिहून, ब्रिटनमधील विनामूल्य रक्तदानाची आणि अमेरिकेतील विकतच्या रक्ताची तुलना करून, असे प्रतिपादन केले की दानाच्या जागी दर आणला की दानाची वृत्तीच मावळते. त्या मतावर पुढे पुष्कळ वाद झाले. आमच्यापुरते एवढेच म्हणता येईल की त्या तरुणाला शंभर रुपये दिले असते, तर त्याने केलेल्या कामाची किंमत शंभर रुपये ठरली असती.

तर मग काय करावे, याचे उत्तर शोधायला मला पुण्याला किंवा सांता आनाला जावे लागले नाही. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्यापुढे नाणेघाट चढून गेले, की घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांमागचा ब्राह्मी लेख भिंतीवर कोरलेला दिसतो. राणी नागनिकेच्या त्या लेखात कोणकोणते यज्ञ केले आणि त्यांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा म्हणून दिले याची याद आहे, आणि संख्या अंकांत कोरलेल्या आहेत; भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या मूर्ती आज नाहीत. काहींची पावले तेवढी उरली आहेत, आणि वर नावे शाबूत आहेत. छायाचित्रासाठी धडपडणाऱ्या प्रत्येक सत्कार समितीने एकदा तेथे सहल न्यावी, असे मला वाटते. मूर्ती गेली, नोंद राहिली. अर्थात ही नोंद राजघराण्याची. ती खडकात उतरवणारा हात कोणाचा हे तेथे लिहिलेले नाही. पण तेही त्या काळाला अगदी अशक्य होते असे नव्हे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचा लेख आहे, आणि त्यात त्याने दरवाजा केला एवढेच सांगितले आहे. कोणाचे नाव आणि कोणते काम: मानपत्राचा याहून चांगला मसुदा मला माहीत नाही.

ही दृष्टी आमच्या खेड्यांतून अजून गेलेली नाही. दोन्ही तालुक्यांत गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात, आणि त्याची जी छापील पत्रिका घरोघर येते, ती एखाद्या विद्वत्सभेच्या इतिवृत्ताहून अधिक न्यायी असते. कीर्तनकार महाराजांची नावे ठळक टायपात असतात हे खरे. पण त्यांच्याखाली बारीक अक्षरांत मृदंगाचार्य, गायनाचार्य, चोपदार, काकड्याची मंडळी, अन्नदाते, मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले असे सगळे नावानिशी येतात. वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. म्हणून मध्यरात्री, सारे गाव झोपलेले असताना, ती कोणाच्या गळ्यात असेल हे पहाऱ्याच्या यादीत आधीच लिहिलेले असते. तेथे 'अज्ञात' हा रकानाच नाही. महाराजांचे कीर्तन लोक काही दिवसांनी विसरतात, पण अमक्याच्या आज्याने अमक्या साली पहाटेचा पहारा केला होता, हे त्या घरात जपून ठेवलेल्या पत्रिकेवरून पुढची पिढी सांगते. आमच्या मंडळानेही कोणी केव्हा काय केले याची एक नोंदवही ठेवावी, असा आग्रह मी धरतो तो या पत्रिकेच्या आधारावर.

परंतु नोंद म्हणजे सनद नव्हे, याचेही भान हवे. मराठी राज्यात सेवेबद्दल इनाम मिळे. पुढे सेवा एका पिढीने करावी आणि इनाम चार पिढ्यांनी खावे असे होत गेले, आणि कंपनी सरकारने १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशन चालवून कागद मागितले तेव्हा अनेकांची धांदल उडाली. सरकारचा डोळा महसुलावर होता हे उघड आहे. तरी प्रश्न गैर नव्हता. आमच्या मंडळांतही असे इनामदार असतात. पंधरा वर्षांपूर्वी एकदा खुर्च्या वाहिल्या, त्या पुण्याईवर आजन्म पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसणारे मला दोन-तीन तरी ठाऊक आहेत. त्यांतला एक मीच असेन, अशी शंका आमच्या घरातून व्यक्त झाली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो थोडा कडू आहे. जो नेमून दिल्यापेक्षा जास्त करतो त्याची तोंडभरून स्तुती करणे हे पुष्कळदा संस्थेच्या सोयीचे असते, कारण त्या स्तुतीत 'तूच पुढेही कर' ही आज्ञा दडलेली असते. शहापूर तालुक्याला हा अनुभव जुना आहे. १८९२ पासून तानसा मुंबईला पाणी पाजतो आहे, पुढे भातसा आला. आणि या तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. जो मुकाट्याने पुरवतो त्याच्या विहिरीचा तळ कोणी पाहत नाही. 'आभार' हा शब्द उच्चारताना त्यातला 'भार' आपल्याला ऐकू येत नाही. नुसते 'आभारी आहे' म्हणून सुटणाऱ्याच्या खांद्यावर काहीच येत नाही, भार होता तेथेच राहतो. ज्याने तीन माणसांचे काम केले त्याचा सत्कार करण्यापूर्वी, उरलेली दोन माणसे कोठे होती, असा प्रश्न कार्यकारिणीने स्वतःला विचारावा. स्मेडलीच्या रचनेतली खरी युक्ती मला येथे दिसते: तेथे घंटा, मोजणी, निवाडा ही कामे दर सभेला हात बदलतात, कोणी कायमचा घंटावाला नाही आणि कोणी कायमचा वक्ता नाही. आम्ही ती रचना उचलली, पण आपल्या अंगवळणी पडलेल्या बलुतेदारीला स्मरून ती लगेच गोठवून टाकली. ज्याला घंटा दिली तो घंटेचा वतनदार झाला, आणि ज्याला बोलता येत होते तो बोलतच राहिला.

ज्या कष्टांना नोंदवहीही पुरी पडत नाही त्यांविषयी दोन शब्द. आमच्याकडे येणाऱ्या मुलींपैकी एक पहिले सहा शनिवार उभी राहून नुसती टेबलाकडे पाहत असे. सातव्या शनिवारी ती चार मिनिटे बोलली, आपल्या बोलीत, रानभाज्यांवर, आणि उत्तम बोलली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पुष्कळ दिवसांनी कळले की आमच्यातल्या एक बाई, शाळेतल्या शिक्षिका, त्या आठवड्यात तीन संध्याकाळी आपली गाडी चुकवून व्हरांड्यात तिच्यासमोर बसल्या होत्या आणि तिचे बोलणे ऐकत होत्या. सुधारणा सांगितल्या नाहीत, ऐकले. दिवे आणणे दिसते, ऐकणे दिसत नाही. ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारणे हे आभारप्रदर्शकाचे खरे काम असूनही आम्ही ते कार्यक्रमाच्या शेवटच्या दोन मिनिटांवर सोपवतो.

समाजाला कधीकधी हे फार सुंदर साधते. पुण्याच्या सार्वजनिक सभेसाठी झिजलेल्या गणेश वासुदेव जोश्यांना लोकांनी 'सार्वजनिक काका' हे नाव दिले, आणि त्यात संस्था, काम व नाते ही तिन्ही एकत्र आली. आमच्या मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटलांसह हुतात्मा झालेले वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल लोकांच्या तोंडी 'भाई'च राहिले. याच तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा निघाली. साठी उलटलेल्या त्या विद्यार्थिनींचा सन्मान कसा केला गेला? त्यांना गुलाबी नऊवारीचा गणवेष दिला, पाटी दिली, दप्तर दिले. शाळेत आलेल्याला शाळेचीच वस्तू दिली. मला हे अत्यंत यथार्थ वाटते. ज्या संस्थेचे जे धन, त्यातूनच तिने मान द्यावा. बोलायला शिकवणाऱ्या मंडळाचे धन काय? शाल नव्हे, स्मृतिचिन्ह तर नव्हेच नव्हे. वीस माणसांचे सात मिनिटांचे अखंड लक्ष, एवढेच आमचे धन आहे, आणि तेच आम्ही सतरंजी उचलणाऱ्याला कधी दिले नव्हते.

गेल्या वर्षाच्या अखेरच्या सभेत आम्ही तसे केले. नोंदवहीतून प्रथम त्या तरुणाच्या नावावरची कलमे वाचली: तारीख, काम, त्यापायी गेलेला वेळ. त्यांत ती श्रावणातली संध्याकाळ मी माझ्या हस्ताक्षरात, उशिरा का होईना, घातली होती. मग त्याला बोलायला उभे केले आणि सतरंज्यांचे काम पुढच्या तीन महिन्यांसाठी कार्यकारिणीने आपल्यात वाटून घेतले. पहिला शनिवार माझ्या वाट्याला आला. तो बोलायला लागला तो दिव्यांबद्दल किंवा पावसाबद्दल नव्हे, तर दारात उभे राहून ऐकताना कोणता वक्ता कोठे श्रोत्यांना गमावतो, कोणत्या वाक्याला माणसे घड्याळाकडे पाहतात, आणि मागच्या भिंतीपाशी कोणाचा आवाज पोचतच नाही, याबद्दल. आम्हां नेहमीच्या वक्त्यांपैकी तिघांचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे झाले होते. सात मिनिटे झाली, आठ झाली. घंटा वाजली नाही, कारण ती कोणी वाजवायची हे ठरवायचे आम्ही विसरलो होतो, आणि ती ज्या कपाटात होती त्याची किल्ली त्याच्याच खिशात होती. अकराव्या मिनिटाला त्याने स्वतःच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि वाक्य पुरे करून तो खाली बसला.